बियाण्याच्या पाकिटातलं जग

रविवारी सकाळी साडेनऊ ते दहा खलीलचाचांच्या दुकानात बोलायला बंदी होती. गिऱ्हाईक आलं तर चाचा ओठांवर बोट ठेवून बाकाकडे हात करत. रेडिओवर तेव्हा जुन्या संग्रहातली रूपकं लागायची. वाळूखाली गेलेलं एखादं शहर, कालवा खोदताना मेलेले मजूर, दृष्टी गेल्यावरही गात राहिलेली कुणी परदेशी गायिका. चाचा ती टेपवर धरायचे. 'रेकॉर्ड करतो' असं ते कधी म्हणाले नाहीत. 'धरतो' म्हणायचे, मासोळी धरावी तसं. रूपक संपलं की टेप बंद न करता माइक ओढून अर्धा मिनिट स्वतः बोलायचे. "हे सोनाळा. आज झाकोळ आहे. कपाशीले पात्या-कळ्या लागल्या. बाकावर तिघं होते, एक झोपला." मग खट्.

दुकान सोनाळ्याच्या बसस्टँडसमोर. पूर्वी रेडिओ, टेप आणि लग्नातले भोंगे दुरुस्तीला यायचे. बीटी कपाशी आली आणि दुकानात फवारणीच्या पंपांची रांग लागली. या बियाण्याला फवारणी लागतच नाही असं सांगून ज्यांनी ते विकलं, त्यांना मी त्या रांगेत उभं करणार होते. तसं पत्रकही काढलं होतं. चाचांनी ते चष्मा पुसून पूर्ण वाचलं आणि म्हणाले, "लय मोठ्यानं लिहितं वो माय तू. कागद फाटीन."

मी तेव्हा बुलढाण्याहून बी.ए. करून गावी परतले होते. शेतकऱ्यांच्या संघटनेची पत्रकं लिहायची, मोर्चे जमवायचे, मिळेल त्याच्याशी भांडायचं. गावात अळी बोंडं पोखरत असताना एक माणूस बसून रोमचा इतिहास ऐकतो, याचा मला मनापासून राग यायचा. तसं मी तोंडावर बोललेही. ते चिडले नाहीत. "अमेरिकेत आपसात लढाई जुंपली," ते म्हणाले, "तिकडची कपाशी बंद झाली, मंग इंग्रजाले वऱ्हाड याद आलं. नांदुऱ्याच्या टेसनावर गाडी थांबते ना, ते माणसासाठी नाई आली बेटा, रुईसाठी आली. अन् तू म्हनतं, याचा आपल्याशी काय संबंध?"

"चाचा, आज कोणाच्या बोंडात अळी आहे ते बोला."

"ऐकून तं घे. मंग बोंबल."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. पंप घेऊन येणाऱ्यालाही तेच. काय बिघडलंय हे सांगायला गिऱ्हाईक तोंड उघडे, तर चाचा पंप कानाशी धरून म्हणत, "तू नोको सांगू. त्याले सांगू दे."

आणखी एक गोष्ट मला खुपायची. कॅसेटच्या डब्या फुटतात, आमच्याकडची धूळ आणि रुईचे तंतू टेपच्या पोटात शिरतात. म्हणून चाचा प्रत्येक कॅसेट बीटीच्या रिकाम्या पाकिटात घालून तोंड दुमडून ठेवायचे. "आतून चांदी आहे. ना पानी शिरे, ना धूळ. कंपनीनं एक काम तं बराबर केलं." पेरणी उरकली की लोक पाकिटं आणून द्यायचे. चाचा विचारायचे, "कोनाचं? कई पेरलं?" आणि पेनाने पाकिटावर नाव अन् नक्षत्र टाकायचे. ज्यानं दिलं त्याचं नाव राहिलं पाहिजे, हे ते रेडिओकडूनच शिकले होते. तिथंही रूपक संपल्यावर सगळ्यांची नावं घेतात. भिंतभर फळ्यांवर सगळं जग पांढऱ्या बोंडांची चित्रं छापलेल्या चकचकीत पाकिटांत बसलेलं होतं. मला ती कंपनीची फुकटची जाहिरात वाटायची.

मग ते वर्ष आलं, ज्यात दसऱ्याआधीच दहा बोंडं फोडली तर सात किडकी निघत. शेजारच्या प्रल्हादकाकांनी तर उभ्या पिकात गुरं घातली. मी ठरवलं, तहसीलसमोर पाकिटांची होळी करायची. घरोघर फिरून पोतंभर पाकिटं जमवली. चाचांकडे सर्वांत जास्त होती, म्हणून रविवारी सकाळी त्यांच्याकडे गेले. साडेनऊ वाजून गेलेले. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मी थांबले नाही.

"पाकिटं द्या चाचा, होळी करायची आहे."

ते कुजबुजले, "नाई देत."

"काऊन?"

"यायच्यात माल आहे माहा. अन् जाळाले एक काडी लागते, जमवाले जनम."

बाकावर माणसं बसली होती. मी त्यांच्यासमोर चाचांना 'कंपनीचा दलाल' म्हणाले. माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसाला. त्यांनी रेडिओचा आवाज थोडा वाढवला, एवढंच.

होळी झकास झाली. फोटो छापून आले. आणि आठच दिवसांत, आमच्याच तक्रारीवरून, तालुक्याची समिती पंचनाम्याला येणार असल्याचा कागद आला. सोबत काय काय हवं त्याची यादी. पावती, आणि बियाण्याचं मूळ पाकीट, लॉट नंबरासह.

पावत्या सापडल्या. बियाणं विकणाऱ्या दुकानदाराने त्यांवर लॉट नंबर लिहिलाच नव्हता. पाकिटं मी जाळली होती. गावाच्या बाजूने बोलणारा एकमेव पुरावा मी स्वतःच्या हाताने, घोषणा देत, रॉकेल ओतून जाळला होता. प्रल्हादकाका कागद वाचून इतकंच म्हणाले, "मंग आता काय दाखवतं बाई त्यायले? राख?"

त्या रात्री जेवण गेलं नाही. सकाळी दुकान उघडायच्या आधीच मी बाकावर जाऊन बसले. चाचा आले, कुलूप काढलं. मी उठून बाजूला झाले.

"आज काऊन गुपचूप?" ते म्हणाले. "पाकिटं पायजे ना? मले मालूम झालं. ये अंदर."

खालची फळी त्या वर्षीची होती. एकेक कॅसेट काढून ते माझ्या हाती देत आणि पाकीट उलटं करून झटकत. 'प्रल्हाद, मृग.' 'वच्छला, मृग.' 'जानराव, आर्द्रा.' मागे बारीक अक्षरात लॉट नंबर. चौदा पाकिटं निघाली, त्यातली अकरा एकाच लॉटची. तिथंच ओट्यावर बसून मी रडले. सांगायला लाज कशाची, सुटल्यासारखं वाटलं म्हणून रडले. "दलाल म्हटलं तुम्हाला," एवढं बोलले.

"ते मंग पाहू. पयले हे सांग, माह्या कॅसेटी आता उघड्या ठेवू काय?"

ती अट होती. आमच्याकडे मोर्चाचा कापडी फलक होता, लाल अक्षरांत 'कंपनी मुर्दाबाद!' लिहिलेला. आईने आणि मी तो कापून चौदा पिशव्या शिवल्या. कुठे 'कं', कुठे 'मुर्', कुठे नुसतं उद्गारचिन्ह. चाचांनी त्या हातात घेऊन हसत हसत फळीवर लावल्या. "आता तुह्या घोषणा कामाले लागल्या."

समिती आली. साहेबांनी पाकिटं पाहिली, वर पेनाने लिहिलेली नावं पाहिली, पेरणी कधी झाली ते प्रत्येकाच्या शेतात जाऊन विचारलं. पाकिटावरचं नक्षत्र आणि माणसाच्या तोंडचं उत्तर जुळत गेलं. पंचनाम्यात लॉट नंबरासकट बियाण्याचा दोष नोंदला गेला. सगळं मिळालं असं नाही. पुढे खूप हेलपाटे झाले. पण शेतकऱ्याने लागवडच चुकवली, हे वाक्य आमच्या गावापुरतं कुणाला लिहिता आलं नाही. प्रल्हादकाकांनी त्या दिवशी बाकावर बसून चहा घेतला, मलाही पाजला.

दोन वर्षांनी चाचांचे डोळे अधू झाले आणि लेक त्यांना नांदुऱ्याला घेऊन गेली. कॅसेटींची खोकी बसच्या टपावर चढली. ड्रायव्हर म्हणाला, "चाचा, एवढं काय भरलं?" चाचा म्हणाले, "दुनिया आहे. हळू चालव." माझ्या हाती त्यांनी एकच कॅसेट ठेवली, 'मुर्'वाल्या पिशवीतली, आणि एक जुना टेप.

घरी येऊन लावली. आयर्लंडच्या बटाट्याच्या दुष्काळाचं रूपक होतं. सगळ्यांनी एकाच जातीचा बटाटा लावला, रोग आला तो सगळ्यांना एकदम. ते संपलं. नावं घेतली गेली. मग चाचांचा आवाज आला, आणि तो कोणत्या रविवारचा आहे ते मला लगेच कळलं.

"हे सोनाळा. ऊन कडक आहे. बोंडं सडून राह्यली. आज आपल्या पोरीनं मले दलाल म्हटलं. आवाज साफ होता तिचा, खरखर नाई. फक्त टेसन चुकलं होतं. लागीन."

खट्.