मानाचा कप आणि झाकलेल्या वाट्या

कामगार कोर्टात निकाल कधी लागेल ते देवालाही सांगता येत नाही, पण किस्सा मात्र तारखेगणिक मिळतो! नव्वदच्या दशकात मी कोल्हापुरात आप्पांच्या हाताखाली वकिली सुरू केली. आप्पा म्हणजे कामगारांचे वकील. फी बेताची, आवाज खणखणीत. तेव्हापासून किस्से साठलेत. कुणी चहा पाजला की सुटतात.

*

एकदा एका कारखान्यातला शामराव आला. कँटीनमध्ये सगळ्यांना सारखे कप, शामरावचा तेवढा वेगळा, खिळ्याला टांगलेला. का, तर जात! ऐकून माझं डोकंच फिरलं. आप्पांनी मालकाला बोलावून घेतलं. मालक गोड हसून म्हणाले, "गैरसमज हाय वकीलसाहेब. त्यो त्याचा मानाचा कप हाय!"

"असं व्हय?" आप्पा म्हणाले. "मग उद्यापास्नं तुम्हीच घ्या की मान! शामरावला तुमचा कप द्या."

दुसऱ्या दिवशी कप तर गेलाच, खिळासुद्धा उपटला.

*

एक डिप्लोमावाली पोरगी होती. इंटरव्ह्यूत साहेबांनी मशीनबद्दल चकार शब्द विचारला नाही. सारखं आपलं एकच, "लग्न कधी करणार?"

ही म्हणाली, "का? स्थळ आणलंय काय?"

नोकरी काही मिळाली नाही. आमच्या ऑफिसात मात्र मिसळ मिळाली, जादा कटासकट.

*

मग आली अक्काताई. गडमुडशिंगीची. कागलच्या एमआयडीसीत प्रेस मशीनवर होती. पोटुशी होती. सातव्या महिन्यात मॅनेजरनं सांगितलं, "उद्यापास्नं येऊ नगंस." कागदावर कारण घातलं, काम संथ. घर तिच्याच पगारावर चाललेलं. सासऱ्यांना घेऊन आली.

"पोरी, वकीलसाहेब कुठं हायत?" सासऱ्यांनी मला विचारलं.

"मीच वकील."

"व्हय, खरं मोठं कुठं हायत?"

आप्पा येईपर्यंत म्हातारा ढिम्म बसून राहिला!

*

कोर्टात कंपनीचं म्हणणं एकच. बाई गरोदर आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं! सातव्या महिन्यात!

अक्काताई तापली. "ताई, कँटीनमधी माझं डोहाळजेवण झालंय! झाकलेल्या वाट्या मांडल्या हुत्या. पेढा निघाला तर पोरगा, बर्फी निघाली तर पोरगी. मॅनेजरसायब सोता पुढं हुतं!"

पण फोटो नव्हता, आणि मैत्रिणी साक्षीला यायला घाबरत होत्या. त्यांनाही नोकरी टिकवायची होतीच की. मॅनेजरला माहीत होतं हे सिद्ध झालं नसतं, तर अक्काताईची नोकरी कायमची गेली असती.

उलटतपासाच्या दिवशी आप्पा म्हणाले, "तू घे." मागच्या बाकावरनं सासऱ्यांचा आवाज आला, "मेलो!"

मॅनेजर पिंजऱ्यात उभे. कडक इस्त्री, मिशीला पीळ. मी आपलं इकडचं तिकडचं विचारत राहिले. मशीन, शिफ्ट, कँटीनचं जेवण. गडी खुलला आणि फुशारक्या मारायला लागला. "बाई, माझा अंदाज कवा चुकत न्हाय!"

"मग अक्काताईच्या वेळी काय निघालं हो? बर्फी का पेढा?"

"पेढा! मी आधीच म्हणलतो की! पैज लावलती!"

जज्जसाहेबांचं पेन थांबलं. कंपनीच्या वकिलांनी डोळे मिटले. आणि मागच्या बाकावर, आजोबांच्या मांडीवर, अक्काताईच्या पेढ्यानं भोकाड पसरलं.