भाऊजींचा एंजलफिश

पासष्टीपर्यंत माणसाला अक्कल येते म्हणतात. मी त्या वयात भाऊजींच्या समुद्रात तांब्याच्या घागरीतलं पाणी ओतलं. तेही चिंचेने घासून लख्ख केलेल्या घागरीतलं, पुण्यकर्माच्या थाटात.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर, बिनलग्नाचे. समुद्र कधी न पाहिलेल्या या माणसाने कारंजा गावातल्या आमच्या बैठकीत खाऱ्या पाण्याची काचपेटी मांडली होती. आत जिवंत प्रवाळ, एक कोळंबी आणि एक जांभळा-केशरी एंजलफिश, तळहातात मावेल एवढा. दाणे टाकताना भाऊजी जुन्या सवयीने म्हणत, "चला, पुढं सरका." प्रवासी एकच, तरी.

मासा हौदातच जन्मलेला हवा, यावर ते अडून बसले होते. समुद्रातला धरलेला लगेच मिळत होता. यांनी महिनोन्महिने वाट पाहिली. म्हणायचे, "कोनाच्या घरचं लेकरू उचलून आनाचं नाई." मी म्हणायची, एवढी चौकशी स्वतःसाठी मुलगी पाहताना केली असती, तर मला भांडायला जाऊ मिळाली असती. ते हसून काच पुसत राहत.

मग फुप्फुसाच्या दुखण्याने त्यांना अकोल्याच्या दवाखान्यात ठेवलं आणि पेटी माझ्याकडे आली. पेटीतलं पाणी उडतं, मीठ मागे राहतं; म्हणून वरून घालायला साधं गाळलेलं पाणी त्यांनी प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरून ठेवलं होतं. मला वाटलं, आपण तांब्यातलं प्यावं अन् पाहुण्याला प्लास्टिकमधलं द्यावं? रोज सकाळी घागरीतलंच पाणी घालत गेले. घागरीचं तांबं पाण्यात उतरतं आणि त्या जिवांना ते विषासारखं, हे ठाऊक नव्हतं. आणि कुणाला विचारावं, तर मी पडले सर्वज्ञ. आधी कोळंबी मेली. मग प्रवाळ मिटले, पांढरे पडले. मासा कोपऱ्यात धापा टाकत राहिला.

भाऊजी घरी आले ते डॉक्टरांनी हात टेकल्यावरच. चप्पल न काढता पेटीसमोर बसले. मी सगळं सांगितलं. रागावले असते तर बरं झालं असतं. दम पुरत नव्हता तरी खुर्चीवरून सांगत राहिले, मी बादल्या उचलत पाणी बदलत राहिले. मासा तगला.

त्यांनी फोनवर अकोल्याच्या एका मासेवाल्याला, माझ्यामागे याला नेशील का, असं विचारलेलं मी ऐकलं होतं. बरोबरच होतं, माझ्या हाती कोण देईल? पण मासाही गेला, तर त्या बैठकीत भाऊजींचं काय उरणार होतं? मागायला तोंड नव्हतं.

पोळ्याच्या सकाळी भाऊजी गेले. आदल्या संध्याकाळी त्यांनी मला जवळ बोलावलं, दाण्यांची डबी हातात ठेवली आणि थांबत थांबत म्हणाले, "वहिनी, अकोल्यावाल्याले मी नाई म्हनून सांगतलं. याले कोनाले देऊ नोका. रोज समोर बसून बोलत जा. त्यानं समुद्र पायलाच नाई, त्याले मानसाचीच सवय हाये."