सानगडीची काळी गाडी आणि दुबईचा स्टीरिओ

मीटरचा काटा उलटा गेला.

मी डॅशबोर्डखाली पाठीवर पडले होते. टॉर्च हनुवटीखाली दाबली होती आणि दोन्ही हातांत मीटरच्या तारा होत्या. काळी तार गाडीच्या लोखंडाला लावली, लाल तार किल्लीमागच्या स्विचला. काटा उजवीकडे, बाराच्या आकड्याकडे जायला हवा होता. तो डावीकडे सरकून शून्याच्याही मागे अडकला.

"तारा उलट्या पकडल्या असशील," बाहेरून मामा म्हणाले.

मी परत लावल्या. काटा परत तसाच गेला.

"नाही मामा. गाडीच उलटी आहे."

गाडी सानगडीच्या बापूसाहेबांची होती. ते तिथल्या एका राइस मिलचे मालक. त्यांच्या वडिलांनी ही लांबलचक काळी इंग्रजी गाडी फार पूर्वी घेतली होती. लाल चामड्याच्या सीट, अक्रोडाच्या लाकडाचा डॅशबोर्ड. बापूसाहेबांच्या जावयाने दुबईहून नवा कॅसेट स्टीरिओ आणला होता. तसा तेव्हा भंडाऱ्यातच काय, नागपुरातही सहज मिळत नव्हता. तो या गाडीत बसवायला बापूसाहेबांनी आम्हाला बोलावलं होतं.

आम्हाला म्हणजे मामांना. भंडाऱ्यात त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, गाड्यांचं वायरिंगही ते करत. मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेला. बाबांना मी शाळेत शिकवावं असं वाटत होतं. मामांनी मध्ये पडून त्यांच्याकडून दिवाळीपर्यंतची मुदत घेतली होती. तोपर्यंत दुकानात माझ्या हातून काही मोठं बिघडलं नाही, तर पुढचं बघू, असं ठरलं होतं. मला दुकानातच राहायचं होतं. पण हे मी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. गिऱ्हाईक आलं की मी मान खाली घालून सोल्डरिंग करत बसायची.

आता गाडी उलटी म्हणजे काय, ते सांगते. बॅटरीला प्लस आणि मायनस अशी दोन टोकं असतात. सगळीकडे दोन-दोन तारा न्यायला नकोत म्हणून एक टोक गाडीच्या लोखंडी सांगाड्यालाच जोडतात. त्याला आम्ही अर्थ म्हणतो. आताच्या गाड्यांत मायनस सांगाड्याला असतं. जुन्या इंग्रजी गाड्यांत प्लस सांगाड्याला जोडायची पद्धत होती. दुबईचा स्टीरिओ मात्र नव्या पद्धतीचा. त्याचा धातूचा डबा आतून मायनसला जोडलेला. नेहमीसारखा स्क्रूने सांगाड्याला कसला असता, तर किल्ली फिरवताच धूर निघाला असता.

मामांनी सोपा उपाय सुचवला. "बॅटरीच पलटवून टाकू. डायनामोले बॅटरीचा एक झटका देऊन त्यालेबी पलटवायचं, दोन-चार तारा बदलवायच्या, झालं."

शामराव पुढे आले. ते गाडीचे ड्रायव्हर. वीस-बावीस वर्षं ही एकच गाडी चालवलेली. गाडीला हात लावणाऱ्याकडे ते मुलगी बघायला आलेल्या वरबापासारखे बघत.

"डायनामोले झटका? कायले? बरा चालून राहिला तो."

बापूसाहेब मिलच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. तिथूनच म्हणाले, "माह्या बापानं आणली तशी गाडी राहू द्या. लाकडाले भोकबी पाडू नका. अन् डबा तर वाजला पायजे."

"गाणी ऐकायची आहेत का?" मामांनी विचारलं.

"गाणी नाही, नाटकं. आपल्या इकडली नाटकं टेप करून ठेवली आहेत मी. दर महिन्याले डोळे दाखवाले नागपूरले जातो. रस्ताभर या शामरावच्या गोष्टी आयकतो. बावीस वर्षांत एकबी नवी नाही."

"मालक, तुमीच म्हणता परत सांग म्हणून," शामराव म्हणाले.

मी मामांच्या कानाशी जाऊन माझा विचार सांगितला. स्टीरिओ गाडीला कुठेच टेकू द्यायचा नाही. लाकडाच्या पेटीत बसवायचा आणि पेटी डॅशबोर्डमागच्या लोखंडी ब्रॅकेटला, कुठे भोक न पाडता, खाली लटकवायची.

"मोठ्यानं सांग ना, मालक आयकून राहिले," मामा म्हणाले. मी मीटरच्या तारा गुंडाळू लागले. मग त्यांनीच सांगितलं.

मिलच्या सुताराने दुपारपर्यंत सागवानी पेटी करून दिली. मी तिला आतून सायकलच्या ट्यूबचं रबर लावलं. स्टीरिओची लाल तार, म्हणजे प्लस, गाडीच्या सांगाड्याला जोडली. काळी तार स्विचला. रेडिओची एरियल जोडलीच नाही, कारण तिच्या वायरवरची जाळी डबा आणि सांगाडा एक करते. काळ्या तारेत स्विचजवळ एक फ्यूज घातला.

"लाल तारेत कंपनीनं देल्ला आहे ना फ्यूज?" मामा म्हणाले. "अजून एक कायले?"

"डबा चुकून गाडीला टेकला, तर करंट लाल तारेतून जाणारच नाही. काळीतून जाईल. मग काळी तार जळेल."

मामांनी काळी तार स्विचपर्यंत बोटाने चाचपत नेली. "घाल बापा," म्हणाले.

किल्ली फिरवली. हिरवा दिवा लागला, कॅसेट फिरली, आणि नाटकातला कुणीतरी राजा मागच्या सीटवर ठेवलेल्या स्पीकरमधून गरजला. ओट्यावर बापूसाहेबांनी मांडीवर थाप मारली. निघताना मी एक कागद कापला, त्यावर सुवाच्य अक्षरात सूचना लिहिली आणि पेटीखाली चिकटवला. काम नीट संपवल्याचं समाधान वाटलं.

ते दसऱ्याच्या तीन दिवस आधी. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शामराव एसटीने भंडाऱ्याला आले आणि थेट दुकानात शिरले.

"तुमचा डबा मुका झाला."

"कधीपासून?" मामांनी विचारलं.

"काल पूजा झाली, नारळ फोडला, गाडी एकोडीपर्यंत नेऊन आणावं म्हटलं. किल्ली फिरवली तं डॅशबोर्डखाली चट्‌कन ठिणगी. तवापासून बंद."

मामांनी हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. शामराव पाणी प्यायला मागे गेले तेव्हा मामा हळूच म्हणाले, "जळला असंल तं दुसरा कुठून आणू? अन् तुह्या बापाले काय सांगू?"

मी टूलबॉक्स भरला. आम्ही तिघं पुढच्या एसटीने निघालो. साकोलीपर्यंत मी मनातल्या मनात एकेक जोड तपासत होते. माझी चूक सापडत नव्हती, आणि त्याचीच जास्त भीती वाटत होती.

गाडीला अजून झेंडूच्या माळा होत्या. दार उघडलं आणि चूक समोरच दिसली. डॅशबोर्डच्या पुढे आलेल्या पेटीच्या काठावर चांगला वीतभर उंचीचा पितळी गणपती बसला होता.

"भंडाऱ्याहून आणला," शामराव म्हणाले. "नवी वस्तू आली गाडीत, पूजा तं झालीच पायजे. हालू नये म्हणून पट्टी मारली पक्की."

पट्टीही पितळेची. तिचं एक टोक त्यांनी स्टीरिओच्या पुढच्या स्क्रूखाली अडकवलं होतं, दुसरं डॅशबोर्डमागच्या लोखंडी ब्रॅकेटला. जे मी दिवसभर रबर लावून वेगळं ठेवलं होतं, ते एका पट्टीने जोडलं गेलं होतं.

मी स्विचजवळचा फ्यूज काढला. काचेच्या नळीत नुसता काळा डाग उरला होता. फ्यूज गेला, म्हणजे त्याने त्याचं काम केलं होतं. पण वेळेत केलं की नाही, हे कळायचं होतं. पट्टी सोडवली. मीटर लावून डबा आणि सांगाडा वेगळे झाल्याची खात्री केली. मग नवा फ्यूज घातला.

"लावा किल्ली," मी म्हणाले.

शामरावांनी हात मागे घेतला. "तुमीच लावा ताई."

मी लावली. हिरवा दिवा लागला. थोडी खरखर, आणि राजा अर्ध्या वाक्यापासून पुढे बोलू लागला. मामा गाडीच्या बॉनेटला टेकून उभे होते. त्यांनी खिशातून रुमाल काढून मान पुसली.

"शामराव, मी खाली सूचना लावली होती," मी म्हणाले.

"तो कागद? इंग्रजीत होता ना. मले वाटलं कंपनीची गॅरंटी आहे. त्याच्यावरबी कुंकू लावलं मी."

वाकून पाहिलं. खरंच लावलं होतं.

बापूसाहेब ओट्यावरून हसले. "अन् मले तं चष्म्यानंबी दिसत नाही. कोणासाठी लिवलं होतं, पोरी?"

सूचना मी जशी शिकले होते तशी लिहिली होती, वाचणाऱ्याचा विचार केला नव्हता. आणि तोंडाने सांगणं टाळता आलं, हेही खरं.

मग मी गाडीसमोर उभी राहून सांगितलं. मिलमधले चार-पाच हमालही जमले होते. माझं मराठी पुस्तकी. प्लस-मायनस सांगून शामरावांच्या चेहऱ्यावर काही उमटेना. शेवटी मी म्हणाले, "या डब्याची आणि या गाडीची सोयरीक होत नाही. दोघांमध्ये लाकूड आणि रबरच हवं. लोखंड, पितळ, साधी तारसुद्धा चालणार नाही. झाली तर आग."

"मंग असं सांगा ना!" शामराव म्हणाले. "सोयरीक होत नाही. अन् मी मधात पितळेचा मध्यस्थ बसवला."

हमाल हसले. गणपती लाकडी डॅशबोर्डच्या डाव्या कोपऱ्यात, खाली मेण लावून बसवला. भोक पाडावं लागलं नाही.

परतीच्या एसटीत मामा खिडकीशी बसले होते. कापायला आलेला धान दोन्ही बाजूंना होता. लाखनी गेल्यावर म्हणाले, "दुसरा फ्यूज मी घातला नसता." आणि मग, "तुह्या बापाले आजच पत्र लिहितो. शाळेसाठी दुसरी कोणी मास्तरीण पाहा म्हणतो."

दिवाळी झाली, मी दुकानातच राहिले. त्यानंतर बऱ्याच जुन्या गाड्यांत स्टीरिओ बसवले. आता कागद चिकटवत नाही. काम झालं की गाडी चालवणाऱ्याला समोर उभं करते, काय करायचं नाही ते सांगते, आणि तेच त्याच्याकडून एकदा म्हणवून घेते. त्याला पाच मिनिटं लागतात. मला अजूनही घाम फुटतो, पण डबे जळत नाहीत.