दशरथकाकांचे साहेब

माझं माहेर वेसाव्याचं. आमच्या घरात चार पिढ्या मासळी विकतात. मीही विकते, फरक इतकाच की माझे मासे काचेच्या टाकीत असतात आणि ते कुणी खात नाही. आईला हे अजून पटलेलं नाही. "नमिता, मेले, जो मासा कढईत जायचा नाय त्याला गिऱ्हाईक कसला?" असं ती अधूनमधून ऐकवते. अंधेरीत एका बँकेला लागून माझं दुकान आहे. आधी नुसते मासे होते, मग पक्षी आले, आणि हल्ली लोकांना सरडे हवे असतात. आपले कुंपणावरचे नाहीत, परदेशी. बिअर्डेड ड्रॅगन म्हणतात त्यांना. मातकट रंग, चपटं अंग, गळ्याखाली मऊ काट्यांची झालर. चिडला किंवा घाबरला की ती झालर फुगते आणि काळी पडते, म्हणून ती दाढी. भिंतीवर पाल दिसली की किंचाळणारी माणसं हा प्राणी हौसेनं मांडीवर घेतात आणि त्याच्यासाठी माझ्याकडून झुरळं विकत नेतात. मुंबईत झुरळं विकूनही पोट भरतं, हे आईला सांगायची माझी हिंमत झालेली नाही.

दशरथ घाडी माझ्या दुकानात आले ते नोव्हेंबरात. त्या महिन्यात पेन्शनवाल्यांना बँकेत जाऊन आपण जिवंत आहोत याची खात्री पटवून द्यावी लागते. काका ती पटवून बाहेर आले होते आणि आता दिवसभर काय करावं हे न सुचून माझ्या काचेसमोर उभे होते. मालवणकडचे गृहस्थ. वडील परळला गिरणीत, काकाही तरुणपणी गिरणीतच. गिरणी बंद पडली तसे ते अंधेरीतल्या एका टॉवरच्या गेटवर वॉचमन म्हणून लागले आणि अठ्ठावीस वर्षं तिथेच उभे राहिले. गाडी आली की सलाम, गेली की सलाम. गाड्यांच्या काचा काळ्या असायच्या, त्यामुळे आतल्या माणसानं आपल्याला उलट हात केला की नाही हे कधी कळायचंच नाही, असं ते म्हणायचे. केला नसणारच, हे न कळण्याइतके ते भोळे नव्हते.

दिंडोशीच्या वसाहतीत एका खोलीचं घर. बायको सुगंधाबाई आदल्या वर्षी गणपतीनंतर गेल्या. मुलगा सर्वेश मस्कतला, त्याचा रविवारी फोन. तो फोनही ठरलेला: जेवलात का, गोळ्या घेतल्या का, काही हवंय का, ठेवू का. मुलगा वाईट नाही. पण फोन ठेवल्यावर पुढच्या रविवारपर्यंत काकांच्या घरात माणसाचा आवाज नसायचा, टीव्हीचा असायचा.

त्या दिवशी माझ्याकडे एका टाकीत पाच पिल्लं होती. एका टाकीत पाच ठेवू नयेत हे मला ठाऊक होतं. जागा नव्हती, ठेवली. त्यातली मोठी दोन दिव्याखालची ऊबदार जागा अडवून बसायची आणि सगळ्यात लहान पिल्लू कोपऱ्यात काचेला चिकटून असायचं. काका वाकून बघायला लागले तसं त्या लहानग्यानं पुढचा एक पाय उचलला आणि हवेत सावकाश गोल फिरवून खाली टेकवला.

काकांनी मागे वळून पाहिलं. हात दुसऱ्या कुणाला नाही ना, याची त्यांनी खात्री करून घेतली. मग म्हणाले, "गो बाय, ह्यो माका हात करता."

"करतो ना," मी म्हटलं. "बघा, तुमची ओळख पटली त्याला."

काकांनी टाचा जुळवून त्या पिल्लाला कडक सलाम ठोकला. म्हणाले, "इतक्या वर्षांत पयलो साहेब, ज्यानं आधी हात केल्यान." आणि ते हसले. मीही हसले.

आता खरं सांगायचं तर तो हात ओळखीचा नसतो. दुबळं पिल्लू मोठ्यासमोर पाय उचलतं ते शरण आल्याची खूण म्हणून. मी लहान आहे, मला मारू नकोस, एवढाच त्याचा अर्थ. मी हे वाचलेलं होतं. पण गिऱ्हाईक हसत असताना त्याला हे कोण सांगतं? पिल्लं त्या हातामुळेच विकली जातात. पोरं "मम्मी, हाय करतोय!" म्हणून ओरडतात आणि आयांचा विरोध तिथेच संपतो. बाकी सगळं मी काकांना नीट सांगितलं. ऊबेसाठी कोणता दिवा, उन्हाऐवजी कोणती ट्यूब, पाण्याची वाटी, आठवड्यातून किती वेळा किडे, भाज्यांवर कॅल्शियमची पूड कशी भुरभुरायची. काकांनी खिशातून डायरी काढून एकेक शब्द उतरवून घेतला. फक्त ती एक गोष्ट मी गिळली.

काकांसारखं गिऱ्हाईक मला परत मिळणार नाही. दर गुरुवारी सकाळी अकराला ते किड्यांचा डबा न्यायला यायचे आणि साहेबांचं वर्तमान सांगत बसायचे. साहेबांना शेवग्याचा पाला आवडतो. साहेबांना जास्वंदीचं लाल फूल चालतं, गुलाबी नको. साहेब कात टाकतायत, त्यामुळे तब्येत जरा चिडचिडी आहे. शेजारणीनं विचारलं की घरात पाल कशी काय पाळलीत, तेव्हापासून काका तिच्याशी बोलत नव्हते. "आणि हात?" मी विचारायचे. "रोज!" असं ते म्हणायचे तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नसे, इतका तो खूश असायचा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. मी डबा पुढे करून विषय बदलायचे, आणि पुढे पुढे हाताचं विचारायचंच सोडलं.

मार्चच्या सुरुवातीला काका गुरुवार सोडून सोमवारी आले. साहेब तीन आठवडे धड खात नव्हते; आज ना उद्या खातील म्हणून काका मला बोलले नव्हते. प्राण्यांच्या डॉक्टरकडे नेऊन आणलं होतं. पोटात जंत नाहीत, तोंडात फोड नाही, हाडं ठीक. डॉक्टरनं विचारलं, घरात कशाचा त्रास होतोय का याला? काका म्हणाले, घरात मी एकटा, कसला त्रास असणार.

"तू परत घे त्येका," काका मला म्हणाले. "माझ्याकडे ऱ्हवलो तर मरतलो. माझा हातच असो असात. सुगंधापण खायची बंद झाली आणि गेली."

हे ऐकल्यावर मी दुकान दुपारीच बंद केलं आणि त्यांच्याबरोबर दिंडोशीला गेले.

घर लख्ख होतं. खिडकीजवळच्या टेबलावर टाकी, दिवा बरोबर, ट्यूब बरोबर, पाणी ताजं. साहेब मोठे झाले होते, पण कमरेशी अंग आत गेलेलं, शेपटीच्या मुळाशी हाडं दिसत होती. टेबलाच्या एका बाजूला खुर्ची, आणि टाकीशेजारी एक जाड रजिस्टर. गेटवर पाहुण्यांची नोंद करतात तसं, पट्टीनं रकाने आखलेलं. वेळ, खाणं, शी, हात.

मी पानं उलटत बसले. डिसेंबरात हाताच्या रकान्यात रोज एखादी खूण होती आणि खाण्याचा रकाना भरलेला होता. जानेवारीत हाताचा रकाना रिकामा व्हायला लागला. एके ठिकाणी काकांनी लिहिलं होतं, 'आज पण नाही. रुसले?' आणि मग फेब्रुवारीत खुणा एकदम वाढल्या. दिवसाला तीन, चार, कधी सहा. प्रत्येक खुणेपुढे कंसात 'खुर्ची'. त्याच आठवड्यापासून खाण्याचा रकाना रिकामा होता.

"काका, हे खुर्ची काय?"

काकांचा चेहरा जरा उजळला. "ती गंमत असा. समोरसून गेला तर हात करीत नाय आता. मगे माका युगत सापडली. थांब, दाखवतंय."

त्यांनी खुंटीवरची जुनी वॉचमनची टोपी डोक्यावर चढवली. खुर्चीवर चढले. आणि टाकीवर वरून एकदम ओणवे होऊन त्यांनी सलामाचा हात झपकन खाली आणला.

साहेबांचं अंग जमिनीला चपटं झालं. दाढी कोळशासारखी काळी पडली. आणि त्या काळ्या दाढीखालून त्यांनी पुढचा पाय उचलला, सावकाश गोल फिरवला, खाली टेकवला.

"बघितलंस?" काका खुर्चीवरून म्हणाले. "केल्यान!"

आता सरडा परत घेऊन दुकानात ठेवला असता तर तो खायला लागला असता आणि काकांना काही कळलंही नसतं. हा सोपा मार्ग होता आणि तो माझ्या मनात आला, हे कबूल करते. पण मग त्यांना जन्मभर वाटत राहिलं असतं की आपल्या हातीच जीव टिकत नाही.

"काका, खाली उतरा," मी म्हटलं. "तो हात करत नाही. तो घाबरतो."

मी सगळं सांगितलं. वरून झडप येते ती घारीची, हे त्याच्या रक्तात आहे. पाय उचलतो तो जीव वाचवायला. आणि जानेवारीत हात बंद झाला तो रुसून नाही. तुमची भीती गेली होती, काका, म्हणून.

काका खुर्चीवरच बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. बराच वेळ टोपीचा बिल्ला अंगठ्यानं पुसत राहिले.

"म्हणजे पयल्या दिवशी पण? दुकानात?"

"पहिल्या दिवशी पण."

"तुका म्हायत होता?"

"हो."

"मगे सांगलंस कित्याक नाय?"

विक्री झाली नसती, हे उत्तर त्यांना माझ्याआधी कळलं होतं. ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते फक्त म्हणाले, "दिवसाक सहा सहा वेळा घाबरवलंय मी त्येका." आणि मग, "तू जा आता."

दोन गुरुवार काका आले नाहीत. मी चार पिल्लांच्या चार वेगळ्या टाक्या केल्या, त्यासाठी पोपटांचे दोन मोठे पिंजरे काढून टाकावे लागले. कुणी पोर "हाय करतोय!" म्हणून ओरडलं की मी सांगते, तो भितोय, जरा मागे सर. काही आया नाक मुरडून निघून जातात. जाऊ देत. त्यातून मला पुण्य लागलं असं मी समजत नाही, एका म्हाताऱ्याचं मन मोडून मला ते सुचलं.

तिसऱ्या गुरुवारी बारा वाजेपर्यंत वाट पाहिली, मग मीच किड्यांचा डबा घेऊन दिंडोशीला गेले. काकांनी दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. आत गेल्यावर ते थेट टाकीकडे गेले नाहीत. भिंतीला धरून कडेनं चालत गेले, दूर सतरंजीवर खाली बसले, आणि मलाही बसायची खूण केली. खुर्ची कुठे दिसत नव्हती. हळू आवाजात म्हणाले, "खाता आता. सोमवारपासून."

साहेब दिव्याखालच्या दगडावर पसरले होते. दाढी मातकट, मऊ. एक डोळा उघडून त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि परत मिटला. आम्ही आलो काय आणि गेलो काय.

"हात?" मी विचारलं आणि माझी मलाच लाज वाटली.

"नाय." काकांचे डोळे भरले होते, पण आवाज साधा होता. "नाय करीत. आता करूचो पण नाय."

मी डबा त्यांच्यापुढे सरकवला. माफी मागायची होती. काका साहेबांकडेच बघत होते.

"घरातला माणूस घरात इला तर कोण हात करता काय गो?" ते म्हणाले. "हात परक्याक करतत. मी ड्युटीवरसून इलंय तरी आमची सुगंधा कधी मान वर करून बघी नाय. भाकऱ्यो भाजीत ऱ्हवी."

मग म्हणाले, "तेवा माका राग येय."