शिवनारायणकाकांचा सात

राजूरला गणपतीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर शिवनारायणकाकांचं वह्या-पेनांचं दुकान आहे. शाईचं पेन विकण्याआधी ते चालवून बघतात. बाकीचे दुकानदार रेघोट्या मारतात. काका वहीत मागच्या आकड्याची दुप्पट लिहितात. पहिल्या पेनानं दोन लिहिले, मग चार, आठ, सोळा, बत्तीस. शाईचं पेन आता घेतं कोण? दोन वर्षांत पंचेचाळीस खपली, तेवढ्यात आकडा चौदा अंकी झाला.

त्यात काकांना एक गंमत दिसली. दर तिसऱ्या-चौथ्या ओळीची सुरुवात एकनं होते, सातनं मात्र कधीच न्हाई. “सात या खेळातच न्हाई,” असं ते गिऱ्हाइकाला ठासून सांगायचे, आणि मी शेजारचा शिंपी मान डोलवायचो.

परवा शेहेचाळिसाव्या पेनानं लिहिलेली ओळ सातनं सुरू झाली. काकांनी दोष पेनाला दिला. दुसरं पेन उघडून तीच दुप्पट पुन्हा केली, मग तिसऱ्यानं. तिन्हींनी सातच काढला. मंग काका हसत सुटले, सगळ्यांना पेढे वाटले आणि सात काढणारं ते शेहेचाळिसावं पेन विकायचं न्हाई म्हणून खिशाला लावलं.

“आता नऊ बघ, नदीम,” ते मला म्हणाले. “तो बिलकुल यायचा न्हाई.”

मी घरी बसून दुप्पट करत गेलो. नऊ इथून सातव्या पेनाला येतो. काकांना सांगितलं न्हाई. माझं सगळं काम खडूवर चालतं, तरी नऊ लवकर यावा म्हणून आज काकांकडून माझं तिसरं शाईचं पेन विकत घेतलं.