ढगाळ दिवसांतला पापुद्रा

प्रयोगशाळेत निळा रंग दर वेळी नाहीसा होत असे. विजेच्या दाबाने सुईच्या टोकातून ओढलेल्या, केसाहून कितीतरी बारीक तंतूंचा पांढरा पापुद्रा रंगीत पाण्यात सोडायचा आणि वर दिवा लावायचा. तंतूंमधले कण प्रकाश शोषून रंगाचे रेणू फोडत. जेवणाच्या सुट्टीपर्यंत पाणी नितळ होई, पाहुणे टाळ्या वाजवत. मला त्या टाळ्यांचा कंटाळा आला होता. हे खऱ्या पाण्यावर, खऱ्या उन्हात करून दाखवायचे होते. म्हणून मी दिग्रसजवळ आत्याच्या शेतावर गेले.

आत्याची विहीर पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, शेताच्या उताराला आहे. फवारणीच्या दिवसांत पावसाबरोबर शेतातले औषध तिच्यात उतरते. तेवढे दिवस आत्या म्हशीसाठी हापशीवरून पाणी वाहते, आणि तिचे गुडघे आता साथ देत नाहीत. माझे पापुद्रे पाहताच तिने बादल्या पालथ्या घातल्या.

"आता मले हापशीवर जा लागत नाही नं वं?"

"आधी तपासू दे, आत्या."

पसरट ट्रेमध्ये विहिरीचे पाणी घेऊन मी पापुद्रा ताणून बसवला आणि उन्हाची वाट पाहू लागले. आभाळ हलेना. औषध पाण्यात येते ते ढगांच्याच दिवसांत. कडक ऊन पडते तेव्हा ना फवारणी असते, ना विहिरीत फारसे पाणी. दिव्याखाली काम करताना हा प्रश्न कधी उभाच राहिला नव्हता.

"पापड वाळू घातल्यावानी काय बसून राह्यली?" आत्या म्हणाली. "इतकं शिकली, अन् ढगायले भेते!"

अखेर ऊन पडले. तुटक, पण पुरेसे. ट्रेमधल्या पाण्याच्या बाटल्या पिशवीत घालून मी एसटीने यवतमाळला, प्रयोगशाळेत परतले.

पाणी तपासणाऱ्या यंत्राच्या आलेखावर कीटकनाशकाचा उंचवटा जवळजवळ सपाट झाला होता. मात्र त्याच्या शेजारी काही बारीक उंचवटे नव्याने उभे होते. ते फुटलेल्या रेणूंचे तुकडे होते. त्यांची रचना मी अंदाजाने सांगू शकत होते. ते किती विषारी आहेत, हे नाही.

"मूळ औषध गेलंय. अहवालाला एवढं पुरे," माझे मार्गदर्शक म्हणाले. ते खोटे नव्हते. आमच्या प्रकल्पाला मुदतवाढही त्यावरच मिळणार होती.

संध्याकाळी आत्याचा फोन आला.

"गेलं का औषध?"

"गेलं."

"मंग पाजू म्हशीले?"

मी आलेखाकडे पुन्हा पाहिले. त्यात नवे काहीच दिसणार नव्हते.

"नको पाजू, आत्या. अजून नको."

"मंग गेलं काय?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे होते, पण ते नीट सांगायला तासभर लागला असता. फोनमधून बादल्यांच्या कड्या वाजल्या. अंधार पडायच्या आत तिला हापशीवर जायचे होते.