आखाजीचा रस

देवळ्याच्या स्टँडवर आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एसटीच्या सीटखाली खोकं सरकवलं आणि दोनदा बजावलं, "उघाडू नको. वास सुटी तवय उघाड." जूनचे दिवस होते. लग्न होऊन मी नवऱ्याबरोबर नाशिकला निघाले होते. खोक्यात आमच्या बांधावरच्या झाडाचे, वाळल्या गवतात बसवलेले अर्धेकच्चे आंबे होते.

खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटत होतं. मधल्या खोलीत आबा अढी घालायचे: खाली गवत, त्यावर आंबे, पुन्हा गवत, वर गोणपाट. आम्ही आंबा दाबून बघायला गेलो की म्हणायचे, "हात नको लावू, झोपेल शे तो." रोज सकाळी ते स्वतः चाचपून नासके बाहेर काढायचे आणि उकिरड्यावर टाकायला माझ्या हातात द्यायचे. बोटं आत रुतायची, काळा चिकट रस कोपरापर्यंत ओघळायचा, चिलटं तोंडावर यायची. मला ओकारी यायची.

गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये आले आणि दुसरीच शिसारी भेटली. इथला आंबा पिवळाधम्मक, सगळे एका रंगाचे. नाकाशी धरला तर काही नाही, कापला तर कोयीजवळ पांढरा. पेटीच्या तळाशी आंबा झटपट पिकवायच्या कार्बाइडची ओलसर कागदी पुडी, तिला लसणासारखा उग्र वास. साबणाने हात धुतले तरी जात नाही. विकणारा वर तोंड करून सांगतो, "मॅडम, एकदम नॅचरल." मी ऑफिसात, सोसायटीत सगळ्यांना ऐकवायचे की आमच्या माहेरी असलं विष उंबऱ्याच्या आत येत नाही.

माहेरी जाणं वर्षातून एकदाच, आखाजीला. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात. घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने त्या दिवशी घागर भरतात, तिच्यावर आंबा ठेवतात. लहानपणी आम्ही कैरीच ठेवायचो, कारण बांधावरचा आंबा उतरतो जूनमध्ये. माझ्या लग्नानंतर मात्र आखाजीला पुरणपोळीबरोबर रस असायचा. तो कुठून येतो, हे मी कधी विचारलं नाही. वाटी चाटूनपुसून म्हणायचे, "असा आंबा नाशकात मिळत नाही." आबा खाली मान घालून ऐकायचे.

यंदा आबांच्याच नावाची पहिली घागर होती. संदीपने, माझ्या धाकट्या भावाने, बाजारातून पेटी आणली. मी उघडली आणि लसणाचा तोच वास आला. तळाशी पुडी. माझं डोकंच फिरलं.

"हे ठेवणार आबांच्या घागरीवर? लाज नाही वाटत?"

"ताई, बांधावरला आंबा आजून दगड शे. मी काय करू?"

माय पुरण वाटत होती. हात न थांबवता म्हणाली, "त्याले नको बोलू. तुले सुट्टी आखाजीलेच भेटस. पोर रस खाईसन जावो म्हनीसन आबाच आनेत पुडी. सोता तोंडले लावेत नही."

त्या रसात वेलदोडे नेहमी फार असायचे. आबा स्वतः कुटायचे. मला ते लेकीचे लाड वाटायचे. ते पुडीचा वास झाकायला होते. त्या पुडीची किळस आली, माझ्या चाटून पुसलेल्या वाट्यांची आली, आणि आबांचा राग करावा तर तोही येईना. मी बांधावर गेले, देठासकट एक कैरी तोडली आणि घागरीवर ठेवली. पेटी संदीपने उचलून बाहेर नेली. त्या दिवशी रस झाला नाही.

जूनमध्ये साहेबांशी भांडून रजा काढली आणि गेले. मधल्या खोलीत आता ठिबकच्या नळ्या पडलेल्या असतात. त्या बाजूला सारून संदीपने आणि मी अढी घातली. एका सकाळी गवतात हात घातला आणि बोटं नासक्यात रुतली. काळा रस कोपरापर्यंत ओघळला, चिलटं तोंडावर आली, लहानपणीसारखीच ओकारी आली. उकिरड्यापर्यंत जाताना मी रडत होते.

गावी कायमची परत जाईन असं मी म्हणत नाही. गावात मागे राहिलेले आणि माझ्यासारखे बाहेर पडलेले, कोणीच त्यावर विश्वास ठेवणार नाही. पण माझं घर आता ती मधली खोली आहे. तिथलं नासकं निदान नासक्यासारखं घाण मारतं.